वेगळी शाळा, सारख्या सोयी: मग मुलांचं बिघडतं कुठे?

दरवर्षी आरटीई प्रवेशाची सोडत निघाली की एक वाद ठरलेला असतो. खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १२ (१) (क) सांगतं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर ही सक्ती नाही, असं ठरवलं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल घटनाबाह्य म्हणून रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

कोर्टातला प्रश्न मिटला, पण सोसायटीच्या गेटवर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो चालूच आहे. तिथे निघणारा सूर साधारण असा असतो: "गरिबांच्या शाळा सुधारा ना, कोण नको म्हणतंय? चांगले शिक्षक द्या, इमारती बांधा, संगणक द्या. पण सगळ्यांना एकाच वर्गात कोंबायचा अट्टहास कशाला?"

हा प्रश्न टाकाऊ नाही आणि विचारणाऱ्यांपैकी बरेच जण तो मनापासून विचारतात. अमेरिकेत जवळपास साठ वर्षं देशाचा कायदाच या विचारावर उभा होता. तो पाडण्यात मानसशास्त्राचा मोठा वाटा होता आणि त्यानंतरच्या सत्तर वर्षांत या विषयावर एवढं संशोधन झालंय की उत्तर अंदाजाने द्यायची गरज उरलेली नाही.

## "वेगळं, पण समान"

एक शब्द आधी ठरवून घेऊ. वंश, जात, धर्म किंवा पैसा यांवरून मुलांच्या शाळा वेगळ्या होणं किंवा केल्या जाणं, याला इथे ‘विलगीकरण’ म्हणू. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हे कायद्याने होतं. गोऱ्या मुलांची शाळा वेगळी, काळ्या मुलांची वेगळी.

या व्यवस्थेला १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. खटला होता रेल्वेच्या डब्यांचा, प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन. सोयी समान असतील तर डबे वेगळे ठेवायला हरकत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या निकालात पुढे आणखी एक वाक्य होतं. वेगळं बसवल्यामुळे काळ्या लोकांना कमीपणा वाटत असेल तर तो त्या कायद्यात नाही, त्यांनीच तसा अर्थ लावून घेतलाय, अशा आशयाचं.

म्हणजे कमीपणा कुठून येतो, व्यवस्थेतून की माणसाच्या मनातून, याचं उत्तर न्यायाधीशांनी कोणताही पुरावा न बघता देऊन टाकलं होतं. प्रश्न मानसशास्त्राचा होता.

आपल्याकडच्या वाचकाला त्यातली खोट कळायला पंगतीचं उदाहरण पुरेसं आहे. लग्नघरात दोन पंगती मांडल्या. दोन्हीकडे तीच पुरी, तोच मठ्ठा, तीच जिलेबी, वाढपीही तेच. पण एक पंगत मांडवात आणि दुसरी मागच्या अंगणात, आणि कोणी कुठे बसायचं हे यजमानाने आधीच ठरवलेलं. मागे बसलेल्या माणसाला वाढलेलं अन्न रतीभरही कमी नाही. तरी उठताना तो काय घेऊन उठतो, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि अमेरिकेत तर जेवणही सारखं नव्हतं. दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांना शाळेची बस होती. काळ्या मुलांच्या पालकांनी बस मागितली आणि तीही मिळाली नाही, तेव्हा तिथला लढा सुरू झाला.

## चार बाहुल्या

केनेथ आणि मेमी क्लार्क हे काळ्या समाजातलं मानसशास्त्रज्ञ जोडपं. लहान मुलांना आपण काळे आहोत हे कधी आणि कसं कळतं, या विषयाला सुरुवात केली ती मेमी क्लार्क यांनी, विद्यार्थिनी असताना. नाव पुढे केनेथ यांचं जास्त झालं, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

प्रयोग अगदी साधा होता. चार बाहुल्या, साच्यातून काढाव्यात तशा एकसारख्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. समोर तीन ते सात वर्षांची काळी मुलं, एकूण २५३. त्यातली १३४ आर्कान्सामधल्या, म्हणजे विलग शाळांतली, आणि ११९ उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समधल्या मिश्र शाळांतली. मुलांना सांगायचं: तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे. छान बाहुली दे. वाईट दिसणारी दे. आणि शेवटी: तुझ्यासारखी दिसते ती दे.

दर तीन मुलांतल्या दोघांनी खेळायला गोरी बाहुली निवडली. जवळजवळ साठ टक्के मुलांना तपकिरी बाहुली ‘वाईट दिसणारी’ वाटली. शेवटचा प्रश्न आला की काही मुलं अस्वस्थ व्हायची, काही रडायची, काही खोलीतून निघून जायची. आत्ताच ज्या बाहुलीला वाईट म्हटलं तीच आपल्यासारखी आहे, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. उत्तरेतल्या पाच वर्षांच्या एका मुलाने तपकिरी बाहुली दाखवली आणि कोणी न विचारता खुलासा केला, की माझा चेहरा भाजला म्हणून खराब झाला. सात वर्षांचा दुसरा एक मुलगा बराच वेळ समजावत राहिला की तो खरा गोराच आहे, उन्हाळ्यात रापल्यामुळे असा दिसतो.

पाच वर्षांच्या मुलाने आपल्या कातडीबद्दल सबब सांगावी, ही गोष्ट मला त्या सगळ्या टक्केवारीपेक्षा जास्त सांगते.

क्लॅरेंडनच्या खटल्यासाठी केनेथ क्लार्क यांनी हाच प्रयोग तिथल्या सोळा मुलांवर केला आणि न्यायालयात साक्ष दिली. शिवाय तीसहून अधिक समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांच्या सह्यांचं एक निवेदन सर्वोच्च न्यायालयात सादर झालं. क्लॅरेंडनचा खटलाही ज्यात जोडला गेला होता, त्या ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या खटल्याचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला. नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने म्हणाले, की केवळ वंशामुळे मुलांना वेगळं ठेवलं तर समाजातल्या आपल्या स्थानाबद्दल त्यांच्या मनात कमीपणाची भावना तयार होते आणि तिचा परिणाम कदाचित कधीच पुसला जाणार नाही. निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या निकालाच्या आधारात मानसशास्त्रातलं संशोधन इतकं ठळक यावं, हे त्या काळी नवलाचं होतं.

## बाहुल्यांनी काय सिद्ध केलं आणि काय नाही

इथे बहुतेक लेख थांबतात, पण बाहुल्यांच्या प्रयोगाची गोष्ट अर्धीच सांगितली तर विरोधकाला आयतं हत्यार मिळतं.

खेळायला गोरी बाहुली निवडण्याचं प्रमाण दक्षिणेतल्या विलग शाळांपेक्षा उत्तरेतल्या मिश्र शाळांतल्या मुलांत जास्त होतं. शाळेच्या विलगीकरणामुळेच मुलं गोरी बाहुली निवडत असती, तर आकडे उलटे यायला हवे होते. क्लार्क यांनी त्याचा अर्थ असा लावला की दक्षिणेतल्या मुलाने परिस्थिती मुकाट्याने स्वीकारलीय, तर उत्तरेतल्या मुलाचा संघर्ष उघडा पडतोय. तो अर्थ पटण्यासारखा असला तरी प्रयोगातून आपोआप निघत नाही. शिवाय बाहुली निवडणं म्हणजे स्वतःला कमी लेखणं, हेही गृहीतकच. दुकानात, चित्रांच्या पुस्तकात सगळीकडे गोऱ्याच बाहुल्या दिसणारं मूल ओळखीची वस्तू उचलत असेल. निकालानंतर वर्षभरातच टीका सुरू झाली, आणि नागरिकांचे हक्क अशा कच्च्या प्रयोगांवर अवलंबून ठेवू नका, असा इशारा निकालाच्या बाजूच्या कायदेपंडितांनीही दिला.

मग बाहुल्यांनी दाखवलं तरी काय? शाळेत पाऊल टाकण्याआधीच, तीन-चार वर्षांच्या वयात, समाजाची उतरंड मुलाला कळलेली असते आणि त्या उतरंडीत आपली पायरी कोणती तेही कळलेलं असतं. वेगळी शाळा त्यावर सरकारी शिक्का मारते. ‘त्यांनीच तसा अर्थ लावून घेतला’ हे १८९६ चं म्हणणं खोडायला तेवढं पुरेसं होतं. शाळेमुळे नेमकं किती नुकसान होतं, ते मोजायला मात्र पुढची पन्नास वर्षं जावी लागली.

## डोकं तेच, गुण वेगळे

कमीपणाची भावना परीक्षेच्या पेपरात कशी उतरते? मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरॉनसन यांनी १९९५ मध्ये एक कल्पना मांडली. आपल्या समाजगटाबद्दल ‘हे लोक यात कच्चे असतात’ असा समज असेल, तर परीक्षेच्या वेळी तो खरा ठरण्याची धास्ती मनात येते आणि तिच्याशी झगडण्यात डोक्याची ताकद खर्च होते. पुढे हे प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा काही ठिकाणी परिणाम दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. म्हणून या कल्पनेवर सगळा भार टाकणं बरोबर नाही.

पण भारतात झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यामागे पैसे. सहा-सहा मुलांचे गट होते, तीन कथित वरच्या जातींची आणि तीन दलित. जातीचा उल्लेख न करता कोडी दिली तेव्हा दोन्हीकडच्या मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. मुलाने फक्त मान डोलवायची. एवढ्यानेच दलित मुलांची कामगिरी घसरली, साधारण पाव हिश्शाने.

आपल्या विषयासाठी त्याहून मोलाची गोष्ट पुढची. काही गट एकाच थरातल्या मुलांचे केले होते, म्हणजे वरच्या जातींची मुलं वेगळी, दलित मुलं वेगळी. वर जातही वाचून दाखवली. तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरलीच, पण वरच्या जातींच्या मुलांचीही घसरली. आपलं स्थान वरचंच आहे आणि ते पक्कं आहे असं वाटलं की धडपडायचं कशाला, असा संशोधकांचा अंदाज आहे.

## "मनाचं सोडा, आयुष्यात काय फरक पडतो ते सांगा"

ही मागणी रास्त आहे आणि सगळ्यात भक्कम पुरावा इथेच आहे.

ब्राउन निकालानंतर अमेरिकेतल्या सगळ्या शाळा एका दिवसात मिश्र झाल्या नाहीत. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर काळ्या मुलांना आत घ्यावं लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळांना टाळं ठोकलं. कुठे न्यायालयाचा आदेश साठच्या दशकात आला, कुठे सत्तरच्या, कुठे त्याहून उशिरा. या उशिराने मुलांचं नुकसान झालं, पण संशोधकांना तुलना करायची वाट मिळाली.

बर्कलीचे अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी १९४५ ते १९६८ या काळात जन्मलेल्या हजारो मुलांचा प्रौढपणापर्यंतचा माग काढला. एकाच घरातल्या भावंडांचीही तुलना केली. थोरल्याची शाळा संपल्यावर आदेश आला आणि धाकट्याला मिश्र शाळेची काही वर्षं मिळाली, अशी ही भावंडं. आईबाप तेच, घर तेच. मिश्र शाळेत जास्त वर्षं काढलेली काळी मुलं जास्त शिकली, पुढे जास्त कमावू लागली, गरिबीत आणि तुरुंगात जाण्याचं त्यांचं प्रमाण कमी झालं, मध्यम वयातली त्यांची तब्येतही बरी निघाली. त्याच शाळांतल्या गोऱ्या मुलांचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. जोनाथन गुरियन यांनी वेगळ्या पद्धतीने केलेल्या अभ्यासात दिसलं, की सत्तरच्या दशकात काळ्या मुलांचं हायस्कूल सोडण्याचं प्रमाण जितकं घटलं, त्यातली साधारण निम्मी घट शाळा मिश्र करण्याच्या योजनांमुळे होती.

हे घडलं कसं? गोऱ्या मुलाच्या शेजारी बसल्याने काळं मूल हुशार होतं, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तो अर्थ अपमानकारक तर आहेच, चुकीचाही आहे. जॉन्सन यांच्या आकड्यांत दिसतं की आदेश आल्यावर काळ्या मुलांवर दरडोई होणारा शाळेचा खर्च वाढला आणि वर्ग लहान झाले. ज्या शाळेत मामलेदाराचा, डॉक्टरचा, नगरसेवकाचा मुलगा बसतो, त्या शाळेचं छप्पर गळलं तर आठवड्यात दुरुस्त होतं. ज्या शाळेत फक्त ऊसतोड कामगाराची मुलं उरतात, तिथे अर्जावर अर्ज जातात. आपल्या जिल्हा परिषद शाळांतून पैसेवाल्यांची मुलं निघून गेल्यावर काय झालं, हे गावात राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांचं विश्लेषणही याच दिशेने जातं. वांशिक विलगीकरणातून गुणांमधली दरी रुंदावते ती मुख्यतः काळी मुलं गरिबी एकवटलेल्या शाळांत ढकलली जातात म्हणून.

## "मग तेवढा पैसा गरीब शाळांना द्या की!"

द्यायलाच हवा. पण पैसा दिल्यावर काय भरून निघतं आणि काय नाही, याचंही उत्तर हाताशी आहे.

उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहरात १९७१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तीसेक वर्षं मुलांना बसने दूरच्या शाळांत नेऊन वर्ग मिश्र ठेवले जात होते. २००२ मध्ये हे थांबलं. नव्याने हद्दी आखल्या गेल्या, आणि एकाच वस्तीतल्या पण हद्दीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या मुलांच्या शाळा बदलल्या. स्टीफन बिलिंग्ज, डेव्हिड डेमिंग आणि जोनाह रॉकॉफ यांनी या मुलांची तुलना केली. जास्त विलग शाळेत गेलेल्यांचे गुण घटले, मग ते गोरे असोत की काळे. अल्पसंख्य गटांतल्या मुलग्यांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाण बरंच वाढलं.

प्रशासनाने या शाळांना नंतर जादा निधी आणि साधनं दिली. त्याचा उपयोग झाला. लहान वयाच्या तुकड्यांमध्ये अभ्यासातलं नुकसान बरंच कमी झालं. पण गुन्ह्यांवरचा परिणाम नऊ वर्षांनंतरही तेवढाच राहिला.

गणित सुधारायला चांगला शिक्षक आणि लहान वर्ग पुरतो. मूल कोणाबरोबर वाढतं, कोणाला आपलं मानतं, शहरातल्या कुठल्या दारांपर्यंत त्याची ओळख पोचते, यासाठी अनुदानाचा स्वतंत्र लेखाशीर्ष उघडता येत नाही.

## "आणि आमच्या मुलांचं काय?"

खरी धास्ती इथे असते. पालक ती दबक्या आवाजात बोलतात म्हणून तिचं उत्तर उघडपणे द्यायला हवं.

दिल्लीत सरकारकडून सवलतीच्या दराने जमीन घेतलेल्या श्रीमंत खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना जागा देणं भाग पडलं. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. काही वर्गांत गरीब मुलं होती, त्याच शाळेतल्या वरच्या वर्गांत नव्हती. त्यामुळे तुलना सोपी होती.

आधी नुकसानीचं बोलू. गणित आणि हिंदीच्या गुणांत फरक नाही. इंग्रजीचे गुण थोडे घटले. वर्गात शिवीगाळ काहीशी वाढली. हे झाकून ठेवायचं कारण नाही.

आता दुसरी बाजू. राव यांनी रिले शर्यत ठेवली, जिंकणाऱ्याला रोख बक्षीस. श्रीमंत मुलांनी आपला जोडीदार निवडायचा, आणि निवडीसाठी उभे असलेल्यांत जास्त वेगाने पळणारी गरीब मुलंही होती. वर्गात गरीब मुलं नसलेल्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांनी बक्षीस हातचं जाईल हे दिसत असूनही हळू पळणारा श्रीमंत जोडीदार घेतला. गरीब वर्गमित्र असलेल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. ही मुलं पैसे वाटून घेताना जास्त उदार होती आणि गरीब मुलांबरोबर खेळायला जास्त राजी.

काही शाळांमध्ये अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाडलेले होते. कोणाच्या गटात कोण येणार हे निव्वळ वर्णमालेवर ठरत होतं. त्यातून दिसलं, की नुसतं वर्गात असण्यापेक्षा एका गटात बसून काम केल्याने मुलाचं मन जास्त बदलतं.

ब्राउन खटल्यात सादर झालेल्या १९५२ च्या त्या निवेदनातही शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं, की विलगीकरणाने वरच्या गटातल्या मुलांचंही नुकसान होतं. स्वतः काही न करता मोठेपणा मिळतो हे ती शिकतात, आणि घरात न्यायाच्या गोष्टी सांगणारी मोठी माणसंच भेदभाव करतात हे बघून गोंधळतात. न्यायालयाने निकालात फक्त काळ्या मुलांच्या नुकसानीचा भाग घेतला. माझ्या मते ती मोठी चूक झाली. तेव्हापासून मिश्र शाळा म्हणजे खालच्यांवर केलेला उपकार, असाच समज रूढ झाला, आणि आपल्याकडच्या २५ टक्क्यांकडेही आपण त्याच नजरेने बघतो.

## "एका वर्गात बसवलं की झालं?"

नाही. एकाच छपराखालीही विलगीकरण करता येतं, हे महाराष्ट्राला शिकवायला अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याला शाळेत जात तेव्हा त्यांची शाळा वेगळी नव्हती, वर्गही वेगळा नव्हता. पण बसायला गोणपाट घरून न्यायचं आणि वर्गातल्या इतरांपासून दूर, कोपऱ्यात टाकायचं. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी. तो नसेल तर तहानलेलं राहायचं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि वेगळ्या शाळेचा प्रश्न १९१९ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात निकालात काढला. अस्पृश्य मुलांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम त्यांनी दिला, ब्राउन निकालाच्या पस्तीस वर्षं आधी.

एकत्र आल्याने पूर्वग्रह कधी कमी होतो, याच्या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडल्या होत्या. दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा हवा, काम समाईक हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होऊ नये, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा याला मनापासून पाठिंबा हवा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतो, असं त्यातून दिसलं.

या अटी वर्गात कशा उतरवायच्या? टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये शाळा मिश्र झाल्या आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरॉनसन यांना बोलावलं गेलं. त्यांनी वर्गात बसून पाहिलं. शिक्षिका प्रश्न विचारायची, सहा-सात हात वर व्हायचे, एकाला संधी मिळाली की बाकीच्यांचे चेहरे पडायचे. जे हात कधीच वर होत नव्हते त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. या चढाओढीत नव्याने आलेली मुलं हरणार हे ठरलेलंच होतं.

त्यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले. धड्याचे तेवढेच तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा गटातल्या इतरांकडूनच शिकायचा, नंतर सगळ्या धड्यावर परीक्षा. एका गटात घरी स्पॅनिश बोलणारा मुलगा होता, इंग्रजीत अडखळणारा. गटातली मुलं आधी त्याची टर उडवू लागली. मदतनीस शिक्षिकेने उपदेश केला नाही. तुम्हाला असं बोलायचं तर बोला, पण त्याच्याकडचा भाग तुम्हाला कळणार नाही आणि परीक्षा थोड्या वेळात आहे, एवढंच म्हणाली. मुलं हळूहळू त्याला नीट प्रश्न विचारायला लागली. प्रश्न नीट आले तशी त्याची उत्तरंही नीट यायला लागली, आणि हा काही ढ नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

## "आपल्या माणसांतच मूल जास्त फुलतं, त्याचं काय?"

हा आक्षेप वरच्या बाजूने येत नाही, भोगलेल्यांच्या बाजूने येतो, म्हणून त्याचं वजन वेगळं आहे. अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्येच लिहिलं होतं, की काळ्या मुलाला वेगळी शाळाही नको आणि मिश्र शाळाही नको, त्याला शिक्षण हवं. तिरस्कार करणाऱ्या शिक्षकासमोर बसण्यापेक्षा जीव लावणाऱ्या शिक्षकाची वेगळी शाळा बरी, असा त्यांचा रोख होता. आणि ब्राउननंतर नेमकं तेच बिघडलं. शाळा एकत्र करताना बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या, आणि हजारो काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी बसले. मुलं मिश्र झाली, शिक्षकांची खोली गोरीच राहिली.

म्हणून सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी काढलेली शाळा आणि त्या मुलांना आपल्या शाळेत येऊ न देणाऱ्यांनी सोडलेली वेगळी जागा, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. एकीकडे दार बंद होतं म्हणून बांधलेलं दार आहे, दुसरीकडे बंद केलेलं दार. पुराव्यातून जे नुकसान दिसतं ते दार बंद करण्याचं.

## मोजमापाच्या नावाखाली

मानसशास्त्राने विलगीकरण मोडायला मदत केली तशी ते करायलाही केलीय. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहरात रोमा जमातीच्या मुलांना बुद्धिमापन चाचण्यांच्या आधाराने ‘मतिमंदांच्या विशेष शाळां’त घातलं जायचं. चाचण्या बहुसंख्य समाजाच्या भाषेत आणि रीतीभातीत घडवलेल्या होत्या. अशा शाळेत जाण्याची शक्यता रोमा मुलाच्या बाबतीत इतरांच्या सत्तावीस पट होती. नोव्हेंबर २००७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला.

आपल्याकडे गुणांवरून पाडलेल्या अ, ब, क, ड तुकड्यांचंही असंच आहे. गुण हे मोजमाप वरकरणी निर्मळ आहे. पण पाचवीत ज्या मुलांच्या घरी पुस्तकं आणि शिकलेले आईबाप आहेत ती ‘अ’मध्ये जातात, आणि ‘ड’ तुकडीचं हजेरीपत्रक वाचलं की वस्तीची यादी वाचल्यासारखं वाटतं. सातवीतल्या मुलाला विचारा, तो आपली तुकडी सांगताना आवाज कसा करतो.

## कायदा काय सांगतो आणि कुठे थांबतो

केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की २५ टक्क्यांत आलेल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत. पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांतही फरक करायचा नाही. तरी ‘आरटीईवाली मुलं’ हे नाव शिक्षकांच्या तोंडी येतं, सहलीच्या वेळी पैसे न भरलेल्यांची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते. हॉफ आणि पांडे यांच्या प्रयोगात यादीच वाचली होती. शाळेला हे थांबवायला एक रुपया लागत नाही. यादी कार्यालयात ठेवायची आणि गट वर्णमालेने पाडायचे.

शाळांची एक तक्रार खरी आहे. या मुलांच्या शुल्काची शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते. ती वेळेवर मिळाली पाहिजे, नाहीतर शाळेचा राग मुलावर निघतो.

त्याहून मोठी अडचण कायद्यातच आहे. हा हक्क आठवीपर्यंतचा आहे. सहाव्या वर्षी आत आलेलं मूल आठ वर्षं त्याच बाकांवर वाढतं, मित्र करतं, इंग्रजीची भीती घालवतं. नववीत शाळा पूर्ण शुल्क मागते, आणि घरची मिळकत तीच असते. चौदाव्या वर्षी, दहावीच्या तोंडावर, त्याला दुसरी शाळा शोधावी लागते. शिक्षण हक्काचं वय अठरापर्यंत वाढवावं अशी शिफारस राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात होती. कायद्यात ती अजून आलेली नाही, आणि ती यावी म्हणून जोर लावणारे पालक नववीच्या फीसाठी कर्ज काढण्यात गुंतलेले आहेत.